दिव्यांग सदस्य असलेल्या कुटुंबासाठी करकायदा: प्रमाणपत्रापासून मृत्युपत्रापर्यंत

वाचा-उपचाराची आठवड्यातली सत्रे असोत, विशेष शाळेची गाडी असो किंवा अठराव्या वर्षानंतरची संरक्षित (देखरेखीखाली काम देणारी) कार्यशाळा असो, दिव्यांग व्यक्तीला मिळणारी प्रत्येक सेवा कुणाच्या तरी पैशावर चालते, आणि तो पैसा किती उरतो हे ठरवण्यात करकायद्याचा मोठा वाटा असतो. कुटुंबाच्या हातात पगारातून काय शिल्लक राहते, चाकाची खुर्ची किंवा श्रवणयंत्र किती रुपयांना पडते आणि सेवा देणाऱ्या संस्थेला देणग्या मिळतात की नाही, या तिन्ही ठिकाणी कर आडवा येतो किंवा हात देतो. कायद्याने दिलेली सवलत मात्र मागितल्याशिवाय मिळत नाही. योग्य कागद योग्य तारखेच्या आत तयार नसेल, तर हक्क असूनही ती हातची जाते. म्हणून ही कामे कोणत्या क्रमाने करावीत, ते येथे सांगितले आहे.

आधी प्रमाणपत्र पाहा

प्राप्तिकरातील सवलतींची सुरुवात दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रापासून होते. किमान ४० टक्के दिव्यांगत्व असेल तर सवलत मिळते आणि ८० टक्के किंवा त्याहून अधिक असेल तर ती तीव्र दिव्यांगत्वाची सवलत ठरते. केंद्र सरकारच्या ‘स्वावलंबन’ संकेतस्थळावर नोंदणी केल्यानंतर जिल्हा रुग्णालयात किंवा नेमून दिलेल्या रुग्णालयात तपासणी होते आणि वैश्विक ओळखपत्र, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेले यूडीआयडी कार्ड, मिळते. त्यावरची पट्टी पिवळी असेल तर दिव्यांगत्व ४० ते ८० टक्क्यांच्या दरम्यान आहे आणि निळी असेल तर ८० टक्के किंवा अधिक आहे, असे समजावे.

स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी आणि बहुविकलांगता या तीन प्रकारांसाठी प्राप्तिकर नियमांनी १०-आयए हा वेगळा नमुना ठरवून दिला आहे. त्यावर मज्जाविकारतज्ज्ञाची, मूल लहान असेल तर बालमज्जाविकारतज्ज्ञाची, किंवा सरकारी रुग्णालयातील जिल्हा शल्य चिकित्सकांची सही लागते. यूडीआयडी कार्ड आहे म्हणून हा नमुना लागणार नाही, असे अनेक पालक धरून चालतात आणि जुलैच्या शेवटच्या आठवड्यात डॉक्टरांची वेळ मिळवण्यासाठी धावपळ करतात. हे काम जानेवारी-फेब्रुवारीतच उरकून घ्यावे.

प्रमाणपत्रावरची मुदतही वाचा. लहान मुलांची प्रमाणपत्रे बहुधा तात्पुरती असतात आणि ठरावीक काळाने फेरतपासणी करावी लागते. ज्या आर्थिक वर्षात मुदत संपते त्या वर्षाची वजावट, म्हणजे कर मोजण्यापूर्वी उत्पन्नातून वजा होणारी रक्कम, मिळते, पुढच्या वर्षासाठी मात्र नवे प्रमाणपत्र लागते. मुदत ऑगस्टमध्ये संपली आणि नव्या प्रमाणपत्राची तारीख पुढच्या मे महिन्यात मिळाली, तरी ज्या वर्षात मुदत संपली त्या वर्षाचे नुकसान होत नाही, हे लक्षात असू द्या.

आणखी एक अडचण कायद्याच्या शब्दांतच आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मानले, पण १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यातील व्याख्या १९९५ च्या जुन्या अपंग व्यक्ती कायद्याचा आणि १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याचा (स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठीचा कायदा) आधार घेते. अंधत्व, अल्पदृष्टी, श्रवणदोष, चलनवलनाचे दिव्यांगत्व, बौद्धिक अक्षमता, मानसिक आजार, कुष्ठरोगमुक्त व्यक्ती आणि वर उल्लेखलेले तीन प्रकार त्यात स्पष्टपणे येतात. अध्ययन अक्षमता किंवा सिकलसेलसारख्या रक्तविकारांचा त्या जुन्या यादीत उल्लेख नाही, त्यामुळे या प्रकारचे प्रमाणपत्र असेल तर वजावट मागण्यापूर्वी सनदी लेखापालांचा सल्ला घ्यावा. संसदेने २१ प्रकार मान्य केल्यानंतर करकायद्याने इतकी वर्षे जुन्या यादीवर अडून राहायला नको होते, असे माझे स्पष्ट मत आहे.

वजावट कोणी घ्यायची

दिव्यांग व्यक्तीचे स्वतःचे करपात्र उत्पन्न असेल तर तिने कलम ८०यू खाली वजावट घ्यावी. ती कुणावर अवलंबून असेल, तर ज्याच्यावर अवलंबून आहे त्याने कलम ८०डीडी खाली घ्यावी. दोन्ही कलमांत रक्कम सारखीच आहे: ७५,००० रुपये आणि तीव्र दिव्यांगत्व असेल तर १,२५,००० रुपये. एकाच व्यक्तीसाठी दोन्ही कलमांचा लाभ घेता येत नाही. मुलाने स्वतःच्या विवरणपत्रात ८०यू मागितले की आईवडिलांचे ८०डीडी गेले.

ही रक्कम ठोक असते. प्रत्यक्ष खर्च ३०,००० झाला किंवा ३ लाख झाला, तरी वजावट तेवढीच. म्हणून प्रत्येक उपचारसत्राची पावती जोडण्याची गरज नाही, परंतु ८०डीडीसाठी उपचार, शुश्रूषा, प्रशिक्षण किंवा पुनर्वसनावर काही खर्च झालेला असणे आवश्यक आहे, त्यामुळे वर्षभरातल्या काही पावत्या फाइलमध्ये असाव्यात. अवलंबित या शब्दात पती किंवा पत्नी, मुले, आईवडील आणि भाऊ-बहीण येतात. आईवडिलांच्या पश्चात दिव्यांग बहिणीला सांभाळणाऱ्या भावालाही ही वजावट मिळते, आणि नेमके अशाच भावंडांना ती ठाऊक नसते. वजावट मागणारा भारतातील निवासी असला पाहिजे. आखातात किंवा अमेरिकेत स्थायिक झालेला आणि करासाठी अनिवासी ठरलेला मुलगा साताऱ्यातल्या आपल्या दिव्यांग वडिलांचा सगळा खर्च करत असला, तरी भारतातल्या उत्पन्नावर त्याला ८०डीडी मिळत नाही.

पार्किन्सन, स्मृतिभ्रंश यांसारखे मज्जाविकार, हिमोफिलिया आणि थॅलेसेमिया यांच्या उपचारासाठी कलम ८०डीडीबी वेगळे आहे. त्यात प्रत्यक्ष खर्च ४०,००० रुपयांपर्यंत आणि रुग्ण ज्येष्ठ नागरिक असेल तर १ लाखापर्यंत वजा होतो. विम्यातून परत मिळालेली रक्कम त्यातून कमी करावी लागते आणि तज्ज्ञ डॉक्टरांची चिठ्ठी लागते.

करप्रणालीची निवड: येथे घाई करू नका

प्राप्तिकराच्या दोन प्रणाली आहेत: वजावटी देणारी जुनी आणि कमी दरांची पण बहुतेक वजावटी नसलेली नवी. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून नवी करप्रणाली आपोआप लागू होते. तुम्ही काही सांगितले नाही तर नोकरी देणारा याच प्रणालीने टीडीएस (पैसे देतानाच कापून घेतला जाणारा कर) कापतो, आणि या प्रणालीत ८०यू, ८०डीडी, ८०डीडीबी यांपैकी एकही वजावट मिळत नाही. कुणी हक्क काढून घेतल्याचे पत्र पाठवत नाही. तो तुमच्या न बोलण्यामुळेच जातो.

म्हणून डोळे झाकून जुनी प्रणाली निवडावी असेही नाही. आकडे मांडून पाहू. आर्थिक वर्ष २०२५-२६ साठी नव्या प्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर कर लागत नाही. पगारदाराला ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट मिळत असल्याने वार्षिक पगार १२,७५,००० पर्यंत असेल आणि दुसरे उत्पन्न नसेल, तर कर शून्य आहे. अशा कुटुंबाने ८०डीडीच्या मागे लागण्यात अर्थ नाही.

आता पुण्यात नोकरी करणाऱ्या एका आईचा विचार करा. तिचा वार्षिक पगार १६ लाख आहे आणि मुलाला तीव्र दिव्यांगत्व आहे. नव्या प्रणालीत प्रमाणित वजावटीनंतर १५,२५,००० उरतात, त्यावर १,०८,७५० रुपये कर आणि ४ टक्के उपकर मिळून १,१३,१०० रुपये होतात. जुन्या प्रणालीत तिने ५०,००० ची प्रमाणित वजावट, भविष्य निर्वाह निधी वगैरेंचे दीड लाख, ८०डीडीचे १,२५,०००, स्वतःच्या व ज्येष्ठ आईवडिलांच्या आरोग्य विम्याचे ७५,००० आणि घरकर्जाच्या व्याजाचे २ लाख एवढे सगळे दाखवले, तर करपात्र उत्पन्न १० लाखांवर येते आणि उपकरासह कर १,१७,००० होतो. म्हणजे इतके सगळे करूनही जुनी प्रणाली ३,९०० रुपयांनी महागच पडते. तिने राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेत आणखी ५०,००० गुंतवले तर कर १,०६,६०० वर येतो आणि पारडे जुन्या प्रणालीकडे झुकते. या पगाराला सर्व वजावटींची बेरीज ६,१८,७५० च्या वर गेली तरच जुनी प्रणाली फायद्याची ठरते. घरकर्ज नसलेल्या किंवा घरभाडे भत्त्याची सूट न मिळणाऱ्या कुटुंबाला ती क्वचितच परवडेल.

या गणिताचा अर्थ धोरण ठरवणाऱ्यांनी समजून घ्यायला हवा. दिव्यांग मूल वाढवणाऱ्या आणि न वाढवणाऱ्या अशा दोन कुटुंबांचा पगार सारखा असेल, तर नव्या प्रणालीत दोघांचा कर अगदी सारखा आहे. वाढीव खर्चाची दखल घेणारी तरतूद तिथे उरलेलीच नाही. नव्या प्रणालीत दिव्यांग कर्मचाऱ्याला एक गोष्ट मात्र अजून मिळते. अंध, मूकबधिर किंवा पायांचे दिव्यांगत्व असलेल्या कर्मचाऱ्याला कामावर येण्या-जाण्यासाठी मिळणारा वाहतूक भत्ता आर्थिक वर्ष २०२५-२६ साठी दरमहा ३,२०० रुपयांपर्यंत, म्हणजे वर्षाला ३८,४०० रुपये, दोन्ही प्रणालींत करमुक्त आहे. पगाराच्या रचनेत हा भत्ता वेगळा दाखवलेला असला पाहिजे, म्हणून एप्रिलमध्येच आस्थापना विभागाला लेखी विनंती करावी.

पगारदाराला दरवर्षी विवरणपत्र भरताना प्रणाली बदलता येते, परंतु जुनी प्रणाली हवी असेल तर विवरणपत्र मुदतीच्या आत गेले पाहिजे. पगारदारांसाठी नेहमीची मुदत ३१ जुलै आहे. ती चुकली की उशिराच्या विवरणपत्रात जुनी प्रणाली निवडता येत नाही. व्यवसायाचे उत्पन्न असणाऱ्यांना १०-आयईए हा नमुना भरूनच नव्या प्रणालीतून बाहेर पडता येते, आणि एकदा नव्या प्रणालीत परतल्यावर व्यवसाय चालू असेपर्यंत पुन्हा बाहेर पडता येत नाही. त्यामुळे त्यांनी पुढच्या तीन-चार वर्षांचा अंदाज घेऊन मगच पाऊल उचलावे.

विवरणपत्र भरताना

८०डीडी किंवा ८०यूची नुसती रक्कम लिहून आता भागत नाही. विवरणपत्रात त्यासाठी स्वतंत्र परिशिष्ट आहे. त्यात दिव्यांगत्वाचा प्रकार, अवलंबित व्यक्तीशी नाते, तिचा पॅन आणि आधार क्रमांक, यूडीआयडी क्रमांक आणि जिथे लागू आहे तिथे १०-आयए नमुना ऑनलाइन दाखल केल्याची तारीख व पोच क्रमांक भरावा लागतो. म्हणून आधी १०-आयए आणि मग विवरणपत्र, असा क्रम ठेवावा. आईवडील दोघेही कमावते असतील, तर ज्याने जुनी प्रणाली घेतली आहे आणि ज्याच्यावर वरच्या टप्प्याचा कर आहे त्याने वजावट घ्यावी. १,२५,००० ची वजावट २० टक्क्यांच्या टप्प्यात उपकरासह २६,००० रुपये वाचवते, तर ३० टक्क्यांच्या टप्प्यात ३९,००० रुपये.

दिव्यांग मुलाच्या नावावर आजीआजोबांनी ठेव ठेवली असेल, तर एक महत्त्वाची तरतूद जाणून घ्या. एरवी अल्पवयीन मुलाचे व्याज आईवडिलांच्या उत्पन्नात मिळवले जाते. मुलाला कलम ८०यूमध्ये सांगितलेले दिव्यांगत्व असेल तर ते मिळवले जात नाही, ते मुलाचेच उत्पन्न मानले जाते. त्यासाठी मुलाचा पॅन काढावा आणि बँकेत पालकाच्या पॅनऐवजी तो नोंदवावा. ही दुरुस्ती न केल्यामुळे वर्षानुवर्षे वडिलांच्या नावे टीडीएस कापला जात असल्याचे अनेकदा दिसते.

१ एप्रिल २०२६ पासून प्राप्तिकर कायदा, २०२५ लागू झाला असून त्यात ८०डीडीच्या जागी कलम १२७ आणि ८०यूच्या जागी कलम १५४ आले आहे. ३१ मार्च २०२६ पर्यंतच्या उत्पन्नाला मात्र १९६१ चाच कायदा लागू असल्याने त्या वर्षाच्या विवरणपत्रात जुनेच क्रमांक येतील.

व्यवसाय कर

महाराष्ट्रात पगारातून कापला जाणारा व्यवसाय कर वर्षाला कमाल २,५०० रुपये असतो. दिव्यांग कर्मचाऱ्याला, तसेच दिव्यांग मुलाच्या आईवडिलांना किंवा पालकांना त्यातून सूट आहे. कार्यालयात प्रमाणपत्राची प्रत आणि साधा अर्ज द्यावा. रक्कम लहान आहे, पण वीस वर्षांच्या नोकरीत ती ५०,००० रुपयांपर्यंत जाते, आणि ही सूट प्राप्तिकराच्या प्रणालीवर अवलंबून नाही.

साधने आणि उपचारांवरचा जीएसटी

श्रवणयंत्रावर जीएसटी नाही. चाकाची खुर्ची, कुबड्या, कृत्रिम अवयव, ब्रेल कागद आणि ब्रेल टंकलेखन यंत्र यांवर ५ टक्के आहे. हा दर शून्य का नाही, असा प्रश्न दिव्यांग चळवळीने २०१७ पासून लावून धरला आहे. सरकारचे उत्तर असे, की दर शून्य केला तर देशी उत्पादकाला कच्च्या मालावर भरलेल्या कराचे क्रेडिट (तो कर वजा करून घेण्याची सोय) मिळत नाही आणि आयात माल स्वस्त पडतो. युक्तिवाद समजण्यासारखा आहे. तरीही पायाच्या जागी जे वापरायचे त्यावर ग्राहकाने कर भरावा हे मनाला पटत नाही, आणि उत्पादकाला परतावा देण्याचे दुसरे मार्ग शोधता येतील. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा १८ टक्के जीएसटी रद्द झाला आणि रुग्णांसाठीच्या डायपरवरचा दर १२ वरून ५ टक्क्यांवर आला. ज्या घरात रोज डायपर लागतात तिथे हा फरक महिन्याच्या खर्चात दिसतो. बिलावर जुना दर दिसला तर दुकानदाराला विचारा. त्याच तारखेपासून छोट्या मोटारींवर सर्वांनाच १८ टक्के दर लागू झाला, पूर्वी अस्थिव्यंग व्यक्तीला अवजड उद्योग मंत्रालयाच्या प्रमाणपत्रावर मिळणारा सवलतीचा दरही तेवढाच होता.

उपचारांच्या बाबतीत रुग्णालय, डॉक्टर आणि निमवैद्यकीय व्यावसायिक यांनी दिलेल्या आरोग्यसेवेवर जीएसटी नाही. भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेल्या व्यावसायिकाने सरकारी किंवा नोंदणीकृत धर्मादाय संस्थेच्या केंद्रात दिलेल्या पुनर्वसन सेवेलाही सूट आहे. खासगी केंद्राने बिलात १८ टक्के लावले असतील तर तीन गोष्टी पाहा: बिलावर जीएसटी क्रमांक छापलेला आहे का, सेवा देणाऱ्याची नोंदणी कोणती आहे आणि बिलात सेवेचे नाव काय लिहिले आहे. ‘शिकवणी’ लिहिलेल्या बिलावर कर लागू शकतो, ‘वाचा-उपचार’ लिहिलेल्यावर लागू नये. ज्याची सेवांची उलाढाल वर्षाला २० लाखांच्या आत आहे आणि ज्याने नोंदणीच केलेली नाही, त्याला जीएसटी आकारता येत नाही.

संस्था चालवणाऱ्यांसाठी

विशेष शाळा, कार्यशाळा आणि निवासी केंद्रे बहुतेक धर्मादाय न्यासांकडून चालवली जातात. संस्थेचे उत्पन्न करमुक्त ठेवणारी कलम १२एबीखालील नोंदणी आणि देणगीदाराला वजावट मिळवून देणारी ८०जीखालील मान्यता हे त्यांचे दोन आधार आहेत. नोंदणी आता कायमची नसते. ती पाच वर्षांची असते आणि २०२५ च्या वित्त कायद्याने ५ कोटींपर्यंत उत्पन्न असलेल्या लहान न्यासांना दहा वर्षांची मुभा दिली आहे. मुदतीची तारीख विश्वस्तांच्या सभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर दरवर्षी असली पाहिजे, कारण ती निसटली तर उत्पन्नावर कर लागतो आणि तो पैसा थेट मुलांच्या सेवेतून जातो.

देणगीदारांचे विवरण १०-बीडी या नमुन्यात ३१ मेपर्यंत भरावे लागते आणि त्यावरून निघणारे १०-बीई प्रमाणपत्र देणगीदाराला द्यावे लागते. त्याशिवाय देणगीदाराला वजावट मिळत नाही आणि उशीर झाला तर संस्थेला दिवसाला २०० रुपये शुल्क पडते. देणगी स्वीकारतानाच पॅन घ्यावा, आणि २,००० रुपयांपेक्षा जास्त रोख देणगीवर ८०जीची वजावट मिळत नाही हे आधीच सांगावे. नव्या करप्रणालीत ८०जी नाही, आणि प्राप्तिकराचा २२ टक्क्यांचा सवलतीचा दर निवडणाऱ्या कंपन्यांनाही ती मिळत नाही. म्हणून ‘करात सूट मिळेल’ एवढ्यावर देणग्या मागण्याचे दिवस सरत आले आहेत. संस्थेने आपले काम दाखवून, नियमित छोट्या देणगीदारांचा वर्ग उभा करण्यावर भर द्यावा.

तीव्र दिव्यांगत्व असलेल्यांची देखभाल आणि समुपदेशन या धर्मादाय सेवेला जीएसटीतून सूट आहे, पण याचा दुसरा अर्थही समजून घ्यावा. सेवा करमुक्त असल्याने खरेदीवर भरलेल्या जीएसटीचे क्रेडिट मिळत नाही. गाडीची दुरुस्ती, सुरक्षारक्षकाची एजन्सी, लिफ्टची देखभाल यांवर भरलेले १८ टक्के संस्थेच्याच अंगावर राहतात. अंदाजपत्रक करताना आणि कंपन्यांच्या सामाजिक उत्तरदायित्व निधीचा प्रस्ताव लिहिताना हा खर्च धरावा. कार्यशाळेतील पणत्या, फाइली किंवा कागदी पिशव्यांची विक्री होत असेल तर तिचे हिशेब स्वतंत्र ठेवावेत, कायद्याला तेच अपेक्षित आहे.

स्थानिक करांचा पैसाही या सेवांकडे वळवता येतो. महाराष्ट्रातील ग्रामपंचायती आणि नगरपालिकांनी आपल्या स्वउत्पन्नाच्या ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करायची असते. घरपट्टी-पाणीपट्टीतून आलेल्या या रकमेतून गावात काय झाले, ते ग्रामसभेत लेखी विचारावे आणि रॅम्प, साहाय्यक साधने किंवा उपचार शिबिराची मागणी ठरावात नोंदवून घ्यावी.

आईवडिलांच्या पश्चात

आयुर्विमा महामंडळ किंवा मान्यताप्राप्त विमा कंपनीच्या दिव्यांग अवलंबितासाठीच्या योजनेत भरलेला हप्ताही ८०डीडीमध्ये येतो. पूर्वी या योजनेतून मुलाला पैसे मिळण्यासाठी पालकाचा मृत्यू व्हावा लागे. पालक हयात असतानाच मुलाला पैशांची गरज असते, हा मुद्दा रवी अग्रवाल यांच्या याचिकेतून सर्वोच्च न्यायालयापुढे गेला. न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये सरकारला फेरविचार करण्यास सांगितले आणि २०२२ च्या वित्त कायद्याने तरतूद बदलली. आता पालक ६० वर्षांचा झाल्यावर आणि हप्ते थांबवल्यावरही मुलासाठी वर्षासन (ठरावीक काळाने मिळणारी रक्कम) किंवा एकरकमी रक्कम मिळू शकते. जुनी पॉलिसी असेल तर ही सोय तिला लागू आहे का, हे विमा कंपनीकडून लेखी घ्यावे.

मालमत्ता मुलाच्या उपयोगासाठी ठेवायची असेल, तर खासगी विश्वस्त निधीचा दस्त करताना शब्द जपून वापरावेत. कुणाला किती द्यायचे हे विश्वस्तांच्या मर्जीवर ठेवले तर निधीच्या उत्पन्नावर कमाल दराने कर लागतो. मूल हेच एकमेव लाभार्थी आणि त्याचा हिस्सा निश्चित, असे लिहिले तर मुलाच्या टप्प्याप्रमाणे कर लागतो. अवलंबून असलेल्या नातेवाइकाच्या हितासाठी मृत्युपत्राने केलेल्या निधीला कमाल दरातून सूट आहे, मात्र त्या व्यक्तीने मृत्युपत्राने केलेला तो एकच निधी असला पाहिजे. दोन मुलांसाठी मृत्युपत्रात दोन निधी केले तर ही सूट जाते, म्हणून वकिलाबरोबर मसुदा करताना सनदी लेखापालांनाही शेजारी बसवावे. मूल अठरा वर्षांचे होताच, ते नॅशनल ट्रस्ट कायद्याच्या कक्षेत येत असेल तर, जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक स्तर समितीकडे पालकत्वाचा अर्ज करावा. तो आदेश हातात असला की बँकेतले खाते, निधीचे पैसे आणि मुलाच्या वतीने भरायचे विवरणपत्र यांवर पालकाला अधिकृतपणे सही करता येते.